उलटहात्या गल्ला

डेल्मर हचिसनच्या तळघरात बेसबॉलचे चारशे अकरा पत्र्याचे गल्ले आहेत आणि त्यातल्या एकातही नाणं नाही. नाण्याने आतून ओरखडे पडतात, असं तो म्हणतो. त्याची बायको बर्निस म्हणते, "चारशे अकरा गल्ले आणि घरात शिल्लक शून्य. असा माणूस अख्ख्या ओहायोत दुसरा मिळायचा नाही."

गल्ल्यांखेरीज शिट्ट्या आहेत, भोवरे आहेत, पेट्रोल पंपावर टाकी भरली की फुकट मिळायचे ते बिल्ले आहेत, पावाच्या कंपन्यांनी पोरांना वाटलेल्या डब्या आहेत. कुठल्या तरी बँकेने, पाववाल्याने, दूधवाल्याने आपलं नाव घरोघरी जावं म्हणून छापून घेतलेला आणि वर्षभरात फेकून दिला जाणारा माल. तो जपून ठेवणारी आमच्यासारखी साठेक माणसं आहेत. आमचा एक क्लब आहे आणि तीन महिन्यांनी निघणारं एक पत्रक. ते मी काढतो. मी वेंडल ग्रीसमर. पूर्वी माझं हार्डवेअरचं दुकान होतं. डेल्मर पाण्याचे मीटर दुरुस्त करायचा. आमची ओळख एका जुन्या बाजारात झाली, दोघांनीही एकाच गल्ल्याला हात घातला तेव्हा. गल्ला त्याला मिळाला. ते तो अजून मला ऐकवतो.

ही गोष्ट २०११च्या जूनमधली. पत्रकाच्या पत्त्यावर एक निळं पाकीट आलं. आत जुन्या पत्रकाचं एक पान होतं, १९८८चं, चौकोनी घडी घालून घालून घडीवर फाटलेलं. सोबत वहीच्या कागदावर चार ओळी.

"तुमचं हे पान माझा भाऊ एमिल हुडाक याच्या खणात सापडलं. तो मार्चमध्ये गेला. यात ज्या चित्रकाराला तुम्ही मूर्ख म्हटलंय तो हाच. चित्र बरोबर आहे. मी तशीच खेळायचे. मिली साबोल."

खाली पत्ता होता, कॉर्विनचा. आमच्यापासून दीड तासावर.

पान उलगडायच्या आधीच मला कळलं होतं की तो कुठला लेख असणार. डेल्मरचा सगळ्यात गाजलेला लेख. कॉर्विन गावात लॉकार्डचा पत्र्याचा कारखाना होता. त्यांनी एका पाव कंपनीसाठी एक गल्ला काढला होता. उभट, गोल डब्यासारखा. पावाचे बारा कागद जमवून दिले की एक गल्ला फुकट. त्यावर टोपीतला एक पोरगा बॅट घेऊन उभा आहे. चित्र इतकं जिवंत की आता फटका मारेल असं वाटावं, पण हात चुकीचे. उजव्या बाजूने खेळणाऱ्याचा डावा हात मुठीच्या टोकाशी असतो आणि उजवा त्याच्या वर. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. या चित्रात बरोबर उलटं होतं. आम्ही सगळे त्याला "उलटहात्या" म्हणायचो. त्यावर डेल्मरने दोन पानं लिहिली होती, 'ज्याने बेसबॉल पाहिलाच नाही'. चित्रकार बहुतेक बोटीतून उतरून थेट कारखान्यात शिरला असावा, त्याला बॅट आणि लाटणं यातला फरक ठाऊक नसावा, असं बरंच काही. लोक खूप हसले होते. मीही हसलो होतो. छापलं तर मीच होतं.

पान नीट पाहिलं तेव्हा समासात पेन्सिलीने केलेली एक खूण दिसली. डेल्मरने लिहिलं होतं, गल्ला १९५१चा. त्यावर बारीक रेघ मारून कुणीतरी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "१९४९". बाकी मजकुराला हात लावला नव्हता. बोटीबद्दलच्या वाक्याला नाही, लाटण्याबद्दलच्या वाक्याला नाही. फक्त साल.

मी ते पाकीट घेऊन डेल्मरकडे गेलो. तो तळघरात एका भोवऱ्यावरचा गंज कापसाने पुसत बसला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"असं कुणी खेळत नाही," तो म्हणाला.

"ती म्हणते, ती खेळायची."

"उजवीकडून उभं राहून डावा हात वर? अरे, मनगट मोडेल." त्याने भोवरा बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातली छत्री उचलून तशी धरून पाहिली. फिरवली. छत्री फळीला लागली आणि दोन गल्ले खाली आले. "बघ," तो म्हणाला.

"काय बघू? छत्री फिरवता येत नाही तुला, एवढंच कळलं."

जिन्यावरून बर्निसचा आवाज आला. "काय फुटलं?"

"काही नाही."

"मग काय वाकलं?"

ती खाली आली, पत्र वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "तो माणूस तेवीस वर्षं हे खणात ठेवून होता, डेल्मर."

"मला काय ठाऊक तो जिवंत आहे म्हणून? मला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीचा कुणीतरी..."

"म्हणजे मेलेल्याला बोललं तर चालतं." एवढं बोलून ती वर गेली. डेल्मरने वाकलेला गल्ला उचलला आणि बराच वेळ अंगठ्याने दाबत बसला.

शनिवारी आम्ही निघालो. गाडीत तो माफीचं वाक्य जुळवत होता. "मिसेस साबोल, उपलब्ध माहितीच्या आधारे..." असं सुरू केलं की मी रेडिओ मोठा करायचो.

कॉर्विनला लॉकार्डच्या कारखान्याची आता नुसती जागा उरली आहे. कुंपण आणि आत गवत. मिली साबोलचं घर त्याच्यापुढच्या चढावर होतं. लहान, पांढरं, मागे उतरतं परसदार. बाई एक्क्याऐंशीची, अंगाने काटक, पायात पुरुषी बूट. आम्हाला तिने आत बोलावलं नाही. मागच्या अंगणात नेलं, कारण कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले होते.

"लेख लिहिणारा कोण?" तिने विचारलं.

मी डेल्मरकडे पाहिलं. डेल्मरने टोपी काढली.

"तुम्हाला पटलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "उभे राहा तिथे. त्या टोपलीतली सफरचंदं घ्या. ती किडकीच आहेत."

तिने भिंतीला टेकवलेला खराटा उचलला. उजव्या बाजूने उभी राहिली आणि दांडा धरला. डावा हात वर, उजवा खाली. खांदा थोडा झुकलेला, हनुवटी खांद्यावर. मी तो गल्ला शेकडो वेळा हातात घेतला आहे. ते चित्रच माझ्यासमोर उभं होतं, साठ वर्षांनी म्हातारं झालेलं.

डेल्मरने जपून, खालून एक सफरचंद टाकलं.

"मी काचेची नाहीये," मिली म्हणाली.

दुसरं त्याने जरा जोरात टाकलं. खराटा फिरला, फटकन आवाज झाला आणि सफरचंदाचे तुकडे शेजाऱ्याच्या कुंपणावर उडाले. कोंबड्या ओरडत पांगल्या. मिली दांड्यावर टेकून क्षणभर श्वास घेत राहिली.

"मला कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली. "पाच भावांचा खेळ कुंपणापलीकडून बघून शिकले. कुणी समोरून बघितलं असेल, मी मागून बघितलं. त्यांचे हात पाठीआड असायचे, म्हणून माझे उलटे बसले. नंतर लोकांनी सुधारायचा प्रयत्न केला, पण तोवर चेंडू लांब जायला लागला होता. मग कोण कशाला सुधारेल?"

आता डेल्मरने माफी मागायची होती. त्याने तोंडही उघडलं होतं. पण त्याची नजर मिलीच्या मागे खुराड्याकडे गेली आणि तिथेच अडकली. खुराड्याचं दार उघडं होतं. बाहेरून साधा पन्हळी पत्रा. आतल्या भिंतीवर मात्र रंग दिसत होते. लाल, निळा, पिवळा. एकाच पत्र्यावर ओळीने चोवीस पोरगे बॅट घेऊन उभे. त्याच्या शेजारी दुसरा पत्रा. त्यावरही चोवीस. कारखान्यात छापलेले आणि गल्ले करण्यासाठी कापलेच न गेलेले अख्खे पत्रे. आम्ही असा एकही कधी पाहिला नव्हता. असं काही शिल्लक असेल, असं कुणाला वाटलंही नव्हतं.

डेल्मर चालत गेला आणि दारात वाकला. ओठ हलत होते. मला माहीत होतं, तो मोजत होता.

"माफी मागायला आला आहात की पत्रे मोजायला?" मिलीने मागून विचारलं.

तो सरळ झाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काहीतरी पुटपुटला, पण ते माझ्यापर्यंतही पोचलं नाही. मिलीने दाण्यांची बादली उचलली. "दीड तास लागतो म्हणालात ना? मग निघा. उन्हं वाढतायत."

परतीच्या वाटेवर कॉफीला थांबलो तेव्हा त्याने कपात साखर टाकली आणि ढवळायचं विसरला.

"एकोणीस पत्रे आहेत," तो म्हणाला.

"असू देत."

"वेंडल, मी तिच्याशी बोलायचं सोडून पत्रे मोजले."

"मी पाहिलं."

"बर्निसला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवताना त्यानेच सांगितलं, असं बर्निस नंतर मला म्हणाली. सांगितलं आणि विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, "तुला काय येतं?" तो म्हणाला, "मीटर दुरुस्त करता येतात, सुतारकाम थोडंफार." ती म्हणाली, "मग?"

पुढच्या शनिवारी तो हत्यारांची पेटी आणि छपराचे दोन नवे पत्रे गाडीत टाकून एकटाच कॉर्विनला गेला. मला हे नंतर कळलं. पत्रे मोजताना त्याने पाहिलं होतं की खुराडं डावीकडे कललंय आणि एक खांब खालून कुजलाय. ते बर्फाचा आणखी एक हिवाळा काढणार नव्हतं. त्याने तिला सांगितलं, मी हे नीट बांधून देतो.

"पत्र्यांच्या बदल्यात?" मिलीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "लेखाच्या बदल्यात."

तिने कुजलेला खांब बुटाच्या टोकाने दाबून पाहिला म्हणे. मग म्हणाली, "खांब ओकचा लावा. पाइन पुन्हा कुजेल."

त्या कामाला चार शनिवार लागले. दुसऱ्यापासून मीही जायला लागलो, कारण डेल्मरला एकट्याला शिडी धरवत नव्हती आणि त्याची बडबड ऐकायला कुणीतरी लागतंच. मिली आम्हाला आता आत जेवायला बोलवायची. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, वर परतलेला कांदा, शेवटी अक्रोडाचा रोल. जेवताना ती कारखान्याबद्दल सांगायची.

ती गल्ल्यांना बुडं बसवायच्या विभागात होती. एमिल चित्रांच्या खोलीत. जेवणाच्या सुट्टीत पोरी मागच्या आवारात बेसबॉल खेळायच्या आणि पुरुष भिंतीवर बसून टोमणे मारायचे. अ‍ॅग्नेस रुस्नाक नावाची एक मुलगी चेंडू टाकायची. तिचा चेंडू इतका वेगात यायचा की टोमणे मारणाऱ्यांपैकी कुणी समोर उभं राहायला तयार नसायचं. एमिल मांडीवर वही घेऊन बसायचा आणि काढत राहायचा.

"टोमणे नाही मारायचा?" डेल्मरने विचारलं.

"एमिल? तो बोलायचाच नाही. आमचे वडील म्हणायचे, याचे शब्द शाईत बुडवून ठेवलेत." ती थोडी हसली. "कारखाना बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्याने. लग्न केलं नाही. शेवटची अकरा वर्षं माझ्याकडेच होता. वरच्या खोलीत. तुमचं पान त्याच्याकडे कसं आलं, कधी आलं, मला माहीत नाही. रोज एका टेबलावर जेवलो आम्ही, पण शब्दानं बोलला नाही."

डेल्मर ताटाकडे बघत म्हणाला, "त्याने फक्त साल दुरुस्त केलंय."

"हो. साल चुकलेलं त्याला खपायचं नाही."

तिसऱ्या शनिवारी आम्ही छप्पर उतरवलं. आतल्या भिंतीवरचे पत्रे आम्ही आधीच काढून, ओल्या फडक्याने पुसून गवतावर मांडले होते. छपराखाली आणखी एक पत्रा होता. उलटा ठोकलेला, छापील बाजू वरच्या लाकडाकडे. डेल्मरने एकेक खिळा हळूहळू काढला आणि मी पत्रा दोन्ही हातांनी खाली घेतला. उलटवला.

तेच चोवीस बॅटर. पण त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी होती. चेहरा मुलीचा. गाल वर उचललेले, डोळे बारीक केलेले, जसे त्या दिवशी मिलीने सफरचंदाकडे पाहताना केले होते. रंग आजच छापल्यासारखे, कारण साठ वर्षांत त्यांना ऊनही लागलं नव्हतं आणि कोंबड्यांची चोचही.

डेल्मर गवतावर गुडघे टेकून बसला. "वेंडल," एवढंच म्हणाला.

मिली स्वयंपाकघराच्या पायऱ्या उतरून आली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती उभ्याउभ्याच त्या पत्र्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं तो तिथे आहे," मी म्हणालो.

"मीच वडिलांना सांगितलं होतं, उलटा ठोका म्हणून." ती उलट्या बादलीवर बसली. "पहिल्यांदा असंच छापलं होतं. एमिलने मला न सांगता माझं चित्र काढलं. नमुन्याचे पत्रे छापून झाले, सगळा कारखाना बघायला आला. मी दोन दिवस हवेत होते. मग पाव कंपनीचा माणूस आला. म्हणाला, कुठल्या पोराला गल्ल्यावर पोरगी हवी असेल? साहेबांनी एमिलला सांगितलं, वेणी काढ, टोपी घाल. त्याने काढली. मग ते म्हणाले, हातही नीट कर, उलटे दिसतायत. तेव्हा तो म्हणाला, बॅट अशीच धरतात."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"छापायची घाई होती. आणि त्यातल्या कुणी कधी बॅट धरली असती, तर प्रश्न होता." तिने वाकून पत्र्यावरची एक वेणी बोटाने पुसली. "मी त्याच्यावर फार रागावले. एकोणीस वर्षांची होते. म्हटलं, वेणी काढताना तुझा हात नाही थरथरला? तो म्हणाला, हात तुझेच ठेवलेत. मला तेव्हा ते काही मोठं वाटलं नाही. वाया गेलेले पत्रे कामगारांना फुकट मिळायचे. वडिलांनी खुराडं बांधायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, हा डोळ्यांसमोर नको."

वाऱ्याने पत्र्याचं एक टोक उचललं गेलं. डेल्मरने त्यावर हात ठेवला.

"मिसेस साबोल," तो म्हणाला, "मी जे लिहिलं ते चूक होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी हसलो. मला तुमच्या भावाची माफी मागायची होती. ते राहिलं. म्हणून तुमची मागतो."

यात उपलब्ध माहिती वगैरे काही नव्हतं. मिलीने मान हलवली. मग ती उठली आणि कमरेवर हात ठेवून पत्रा नीट निरखू लागली.

"माझं नाक एवढं मोठं नव्हतं," ती म्हणाली.

नवं खुराडं उभं राहिलं, ओकच्या खांबांवर. आतल्या भिंतींना आम्ही साधी फळी मारली. मिलीने एकोणीस पत्र्यांपैकी चार डेल्मरला दिले, एक मला, बाकीचे क्लबासाठी. एक अट घातली. जिथे कुठे ते लावाल तिथे खाली लिहायचं, चित्र एमिल हुडाक, १९४९. वेणीवाला पत्रा तिने ठेवून घेतला. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला होता. म्हणाली, बघते महिनाभर, सोसवला तर राहू दे.

मग डेल्मर नवा लेख लिहायला बसला. पहिला मसुदा अकरा पानांचा होता आणि त्यातली सात पानं छपाईच्या तंत्रावर. मी परत पाठवला. दुसऱ्यात त्याने लिहिलं होतं, "त्या काळी संग्राहकांमध्ये असा सर्वसाधारण समज होता..."

"कुणाचा समज?" मी फोनवर विचारलं.

"सगळ्यांचा."

"लिहिलं कुणी?"

त्याने फोन ठेवला. तिसऱ्या मसुद्यात 'परंतु' आठ वेळा होतं. मी सगळे खोडले. चौथा एका पानाचा आला. त्यात काय झालं एवढंच होतं, सुरुवातीपासून, आणि शेवटी "मी चुकलो." तो मी एक शब्दही न बदलता सप्टेंबरच्या अंकात छापला. सोबत दोन फोटो. एक पत्र्याचा आणि एक मिलीचा, खराटा घेतलेला. त्यासाठी ती तयार होईना. बर्निसने तिला फोन केला. दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण शेवटी फोटो मिळाला.

आमच्या पत्रकाला सहसा पत्रं येत नाहीत. आली तर चुका काढणारी. या वेळी चौदा आली. एकाने लिहिलं, माझ्याकडे दोन उलटहात्ये आहेत आणि मी त्यांना वीस वर्षं मागच्या रांगेत ठेवलं होतं, आज पुढे आणले. एकाने विचारलं, वेणीवाला पत्रा विकणार का, आणि एक आकडा लिहिला. तो मी मिलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, एवढ्यात कोंबड्या घे."

चौदावं पत्र फ्लोरिडाहून आलं होतं. एका नातवाने लिहिलेलं. तो पेट्रोल पंपाचे बिल्ले गोळा करतो आणि आमचा अंक घेतो. त्याने अंक आजीला दाखवला, तर आजी फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ही मिली हुडाक. हिला मी तीनदा बाद केलं होतं." आजीचं नाव अ‍ॅग्नेस. माहेरचं रुस्नाक. वय त्र्याऐंशी. खाली फोन नंबर.

हे पत्र फोनवर वाचून दाखवायचं नाही, असं डेल्मर म्हणाला. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं कॉर्विनला गेलो. मॅपलची पानं पिवळी झाली होती. मिलीने चष्मा लावून पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"तीनदा नाही," ती म्हणाली. "दोनदा. तिसऱ्यांदा ऊन डोळ्यांवर होतं."

"ते तिलाच सांगा," डेल्मर म्हणाला.

"मला वाटलं होतं ती गेली असेल. कारखान्यातलं कुणीच उरलं नाही असं धरून चालले होते मी." तिने कागदावरचा नंबर बोटाने एकेक आकडा करत वाचला. "साठ वर्षं झाली. काय बोलायचं असतं अशा वेळी?"

"उन्हाचं सांगून सुरुवात करा," मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या फोनचे आकडे फिरवले. आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो, कारण अशा वेळी माणसाने आत थांबू नये. डेल्मर खुराड्यापाशी जाऊन नव्या दाराची बिजागरी उघडून मिटून पाहू लागला. ती मुळीच करकरत नव्हती. मी पायरीवर बसलो.

आधी मिलीचा आवाज हळू आणि जपून आला, अनोळखी दुकानात भाव विचारावा तसा. मग ती म्हणाली, "अगं, पण ऊन होतं, अ‍ॅग्नेस, तू आठव तरी," आणि तिकडून काय आलं कोण जाणे, ती हसू लागली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आता दोघी स्लोव्हाकमध्ये, आपल्या आईबापांच्या भाषेत, बोलत होत्या, त्यामुळे आम्हाला काही कळत नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. डेल्मर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"निरोप घ्यायला थांबायचं का?" त्याने हळूच विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. मिलीने कोपर टेबलावर टेकवलं होतं, बुटांची लेस सोडली होती आणि एका हाताने मेणकापडावर मैदान आखून अ‍ॅग्नेसला काहीतरी समजावत होती, जसं काही ती समोरच बसली आहे.

"नको," मी म्हणालो.

आम्ही घराला वळसा घालून, गवतावरून, गाडीकडे गेलो. डेल्मरने दार हळूच लावलं आणि उतारावर गाडी इंजिन न लावताच सोडली.